स्वतःची फी ‘८०सी’त बसत नाही

विवरणपत्र भरताना स्वतःच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी ‘८०सी’ या वजावटीच्या कलमाखाली दाखवण्याची चूक अनेक पगारदार करतात. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील ही वजावट शिक्षणखर्चापैकी फक्त दोन मुलांच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या ट्यूशन फीसाठी आहे. पगारदाराला स्वतःच्या प्रशिक्षणासाठी वेगळी वजावट नाहीच. प्रमाणित वजावटीवरच, म्हणजे पगारातून मिळणाऱ्या ठरावीक सरसकट सुटीवरच, भागवायचे, हे खटकते. बारावीनंतरच्या अभ्यासक्रमासाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज घेतले असेल, तर जुन्या करप्रणालीत ‘८०ई’नुसार व्याज आठ वर्षांपर्यंत वजा होते, मुद्दल नाही. स्वतंत्र व्यावसायिकाला मात्र चालू व्यवसायासाठीच घेतलेल्या प्रशिक्षणाचा खर्च कलम ३७(१) खाली मागता येतो. पण ‘४४एडीए’ हे अंदाजित नफ्याचे कलम निवडून निम्मी जमा नफा म्हणून दाखवली, की प्रशिक्षणाची पावती निरुपयोगी.

– एक करसल्लागार