समरकंद सहल : रविवारच्या बैठकीची सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. ऑक्टोबरमधील चार दिवसांच्या समरकंद (उझबेकिस्तान) सहलीची बैठक येत्या रविवारी सायंकाळी ६ वाजता मंडळाच्या सभागृहात आहे. नाव दिलेल्या प्रत्येकाने यावे.

• पासपोर्ट आणावा. मुदत परतीनंतर किमान ६ महिने हवी. ई-व्हिसाचे अर्ज तिथेच भरू.
• ताश्कंदहून वेगवान 'अफ्रासियाब' रेल्वेने, बिझनेस वर्गातून जाऊ. तिकिटे लवकर संपतात, त्यामुळे उशिरा आलेली नावे घेता येणार नाहीत.
• हॉटेल पंचतारांकित आहे, पण सहलीचा जीव रेगिस्तान चौकात आहे. तैमूरचा नातू उलुगबेग याचा मदरसा १४२० मध्ये पूर्ण झाला, समोरचा शेरदोर १६३६ मध्ये. तिथली संध्याकाळ कोणीही खरेदीत घालवू नये, ही कळकळीची विनंती.
• शाह-ए-जिंदा या समाधिस्थळी भाविक येतात. खांदे व गुडघे झाकणारे कपडे घ्यावेत.
• शाकाहारी सभासदांनी आधीच कळवावे.