उसवायला लावणाऱ्या काकूंना

काकू, नमस्कार.

पोरीचं स्वेटर विणायला शिकवल्याबद्दल तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "काहाले वं, मी काय केलं?" म्हणता, चहाचं आधण ठेवता आणि विषय तिथंच संपतो. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेल. त्याला मधलं काही गाळू देऊ नका.

विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना मे महिनाच आठवतो. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे सांगितलं तरी पटत नाही त्यांना. आपलं गाव तर सातपुड्याच्या पायथ्याशी. रात्री चिखलदऱ्याकडून वारा सुटला की गोधडीतही पाय गार पडतात. पोरगी दोन वर्षांची, बाजारातलं स्वेटर एका धुण्यात ढगळ झालेलं. दिवाळी झाली आणि मी ठरवलं, या वर्षी आपणच विणायचं. क्रोशाची सुई शाळेत कधीतरी धरली होती, तेवढ्याच भांडवलावर.

परतवाड्याहून मरून रंगाच्या चार लच्छ्या आणल्या आणि मोबाईलवर बघून थेट साखळ्या घालायला बसले. आमचे हे रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेले की मी विणायची. आठ दिवसांनी कौतुकानं तुमच्याकडे आणलं. तुम्ही चष्मा लावला, तुकडा मांडीवर पसरला आणि म्हणालात, "हे पोरीसाठी हाय का समोसा हाय?"

खालून ४८ घरं, म्हणजे टाके, होते आणि काखेपाशी ४१. मधूनमधून ओळीच्या शेवटचं घर मी सोडत होते. ओळ संपून उलट वळताना घालतो त्या साखळीमागं ते लपतं, दिसतच नाही. तुम्ही ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या घरात पिवळ्या दोऱ्याचा तुकडा अडकवायला सांगितला. सांगण्याआधी मात्र सगळं उसवायला लावलं.

दुसऱ्यांदा उसवलं ते मापासाठी. "मोजल्याबिगर सुई धरू नोको" म्हणून तुमच्या ४ मिलिमीटरच्या सुईवर आधी २० घरांचा लहान तुकडा करून घेतला. तो भरला ५ इंच, म्हणजे इंचाला ४ घरं. पोरीची छाती २१ इंच, आतून कपडे असतात म्हणून ३ इंच सैल, झाले २४. त्याची निम्मी पाठ १२ इंच, म्हणून ४८ घरं. मी आधीही ४८ च घेतली होती की! पण ती मोबाईलवाल्या बाईच्या हातानं, माझ्या हातानं नव्हे. माझा हात घट्ट. ३.५ च्या सुईवरचा आधीचा तुकडा ११ इंचही भरत नव्हता. म्हणूनच तुम्ही ती काढून ठेवून ४ ची दिली होतीत. तेव्हा कुठं हिशेब जमला: अर्ध्या खांबाच्या, म्हणजे आखूड टाक्याच्या, विणीला ५० साखळ्या, त्यातल्या दोन वळणाच्या, त्या घरांत धरायच्या नाहीत. मला पूर्ण खांब, म्हणजे उंच टाके, हवे होते, भराभर उरकतात म्हणून. तुम्ही म्हणालात, त्यातून वाराही भराभर जातो आणि पोरांची बोटंही अडकतात.

तिसऱ्यांदा गळा. पाठ-पोट दोन चौकोन, खांद्यावर जोडायचे, मध्ये डोकं जाईल एवढं सोडायचं. मी जोडून आणलं आणि पोरीच्या कपाळावरच अडकलं. ती किंचाळली, तुम्ही हसलात, आणि मला इतका राग आला की दोन दिवस तुमच्या अंगणाकडे फिरकले नाही. एवढं येतं तर स्वतः करून का देत नाहीत, असं सासूबाईंपाशी बोललेही. तुमच्यापर्यंत पोचलं असेलच, आपलं गाव आहे.

तिसऱ्या दिवशी तुम्हीच आलात. एक शब्द बोलला नाहीत. डावा खांदा उसवून मोकळा ठेवायला सांगितला, तिथं दोन बटणं आणि साखळीची काजं. बटणं तेवढी स्वतः ओढून पाहिलीत, पोरं तोंडात घालतात म्हणून. सुई मात्र माझ्याच हातात ठेवलीत. तेव्हा जीव नकोसा झाला होता. आता कळतं, तुम्ही एक ओळ जरी घातली असती तरी बाह्या मी तुमच्याच गळ्यात टाकल्या असत्या.

बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणायच्या, हे तर कुणीच सांगितलं नव्हतं. ४० घरं उचलायची, दर चौथ्या ओळीला दोन्ही कडांना एकेक कमी, २४ ओळींत २८ वर यायचं. हात लांबला की पुढच्या वर्षी मनगटाची गाठ सोडून चार ओळी वाढवायच्या. कपड्यालाही पोरीसारखं वाढता येतं, हे मला फार आवडलं. डाव्या बाहीला लोकर संपली, नवी लच्छी जरा विटकरी निघाली. सगळी एकदम आणि एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली घ्यायची, हे तुम्ही सांगायला आणि मी ऐकायला उशीर झाला. मग दोन्ही मनगटांना पिवळ्या पट्ट्या. आता सगळे मुद्दाम केल्या का विचारतात. मी हो म्हणते.

घरात कापूस माळ्यापर्यंत आणि आम्ही लोकर विकत आणतो, तीही मेंढीची नव्हे, अ‍ॅक्रिलिकची. ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटते, म्हणून पोरीला स्वेटर घालून शेकोटीजवळ नेऊ नको, असं तुम्ही बजावलंत. सासऱ्यांना ते पटायला वेळ लागला. आता शेकोटीला जाताना ते तिला सुती गोधडीत गुंडाळून नेतात.

संक्रांतीला बोरन्हाणासाठी स्वेटर काढायला गेले तर तिनं अंगण डोक्यावर घेतलं. शेवटी काळं झबलं स्वेटरवरच चढवलं, बोरं-मुरमुरे गळ्यात अडकले. तुम्ही पाहिलंच.

एक काम राहिलं. माझ्या भावाच्या मुलासाठी विणायचंय, पाच वर्षांचा आहे, छाती २३ इंच. किती साखळ्या घालू? नाही, थांबा, सांगू नका. लोकर नवी आहे, उद्या दुपारी आधी तुकडा विणून आणते.

तुमची,
मागच्या गल्लीतली सून