कॅम्पमध्ये नेमकी कोणती तपासणी केली ते बायांना सांगा, आणि एचपीव्हीची टेस्ट तालुक्यात आणा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात आमच्या तालुक्यातल्या महिला आरोग्य शिबिराची बातमी वाचली. बाया भरपूर आल्या हे वाचून बरं वाटलं, पण बातमीत "कॅन्सर तपासणी केली" एवढंच आहे, कोणती तपासणी ते कुठंच नाही. मी सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी केलेली बाई, मी तेच आधी शोधलं. कारण गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर शोधायच्या तपासण्या वेगवेगळ्या आहेत अन् सगळ्यांची पकड सारखी नाही.

शिबिरात बहुतेक जागी करतात ती व्हीआयए. पिशवीच्या तोंडाला कापसाच्या बोळ्यानं 3 ते 5 टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा चट्टा उठतो का पाहायचं. स्वस्त आहे, निकाल तिथंच कळतो, पण सगळं पाहणाऱ्याच्या नजरेवर अन् उजेडावर. पाळी गेलेल्या बाईची तर पाहायची जागाच आत सरकलेली असते, तिच्यात ही टेस्ट फारशी कामाची नाही. मग ती बाई "काही नाही निघालं" ऐकून घरी जाते अन् पुढं अंगावरून लाल गेलं तरी वर्षभर कोणाला सांगत नाही, कारण तपासणी तर झाली आहे ना!

दुसरी पॅप स्मिअर. पेशी काचेवर पसरवून वाळायच्या आत अल्कोहोलमध्ये बुडवाव्या लागतात. गावातून आमच्याकडे स्लाइडा यायच्या त्या कधी वाळलेल्या, कधी रक्तानं भरलेल्या, अन् चांगल्या असल्या तरी वाचायला पॅथॉलॉजिस्ट लागतो, तो तालुक्याला मिळत नाही, मग स्लाइडा जिल्ह्याला पाठवा आणि रिपोर्टची वाट पाहत बसा.

तिसरी एचपीव्हीची. हा कॅन्सर जवळपास नेहमीच एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, त्यातल्या 16 आणि 18 नंबरच्या प्रकारांमुळेच साधारण 70 टक्के. ही टेस्ट पेशी कशा दिसतात ते पाहतच नाही, विषाणूचा डीएनएच शोधते. पीसीआरमध्ये तो डीएनए लाखो पटीनं वाढवतात, बहुतेक किट 14 धोक्याचे प्रकार पकडतात आणि 16, 18 वेगळे दाखवतात. मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चांगल्या किटमध्ये माणसाचं एक जीनपण सोबत तपासलं जातं, म्हणजे नमुना नीट घेतलाच नसेल, ब्रशवर पेशीच नसतील, तर मशीन निगेटिव्ह न सांगता इनव्हॅलिड सांगतं. खोटा दिलासा मिळत नाही.

अन् हे परदेशातलं सांगून नाही राहिली मी. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायांवर अभ्यास झाला, 2009 ला छापून आला. त्यात हायब्रिड कॅप्चर नावाची एचपीव्ही टेस्ट एकदाच केली त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, पॅप आणि व्हीआयए एकदाच करून तसा फरक दिसला नाही. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं दर दोन वर्षांनी व्हीआयए केली तेव्हा मृत्यू 31 टक्के कमी झाले हे खरं, पण आमच्याकडं कापूस वेचणीत रोज पाडून दर दोन वर्षांनी कोणती बाई येईल? एचपीव्ही निगेटिव्ह आली तर पाच वर्षं तरी परत यायची गरज नाही. 2021 पासून डब्ल्यूएचओपण हीच टेस्ट पहिली करा म्हणून सांगत आहे.

मशीनचं म्हणाल तर टीबीसाठी जीनएक्स्पर्ट आणि ट्रूनॅट आधीच आले आहेत, त्याच मशीनवर एचपीव्हीचं वेगळं कार्ट्रिज किंवा चिप चालते, निकाल साधारण तासा-दोन तासात. कोरोनात मेडिकल कॉलेजांमध्ये आरटीपीसीआरच्या लॅब झाल्या, तिथली माणसं हे काम जाणतात. टीबीचं काम अडू न देता आठवड्याचे ठरावीक तास तरी काढता येतील. किटचा खर्च आहे, तो सरकारनं करावा.

आणखी एक, बाई स्वतःच स्वॅब घेऊ शकते, पडद्याआड, आशाताईनं समजावलं की झालं. पीसीआरवर असा नमुना जवळपास डॉक्टरनं घेतलेल्याइतकाच चालतो. टेबलावर झोपायला लाजून परत गेलेल्या बाया मी पाहिल्या आहेत, त्यांच्यासाठी तर हे फारच मोठं आहे. नमुना आठवडेच्या आठवडे टिकतो, पण बऱ्याच बाटल्यांना 30 डिग्रीची मर्यादा असते, आपल्या मे महिन्यात सब-सेंटरच्या टिनाखाली ठेवून नाही चालणार.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आधी सांगा नाहीतर घरात भलतंच होते. बहुतेकींचा विषाणू वर्ष-दोन वर्षात आपोआप जातो, म्हणूनच आपल्याकडं साधारणपणे तिशीच्या आत ही टेस्ट करत नाहीत. मुलींना लस द्यावीच, पण चाळिशीच्या बाईला तपासणीच पाहिजे.

तर माझं म्हणणं एवढंच, पुढच्या शिबिराच्या बातमीत कोणती तपासणी केली, किती पॉझिटिव्ह निघाल्या अन् त्यातल्या कितीजणींची पुढची कॉल्पोस्कोपी (पिशवीचं तोंड भिंगातून मोठं करून पाहायची तपासणी) किंवा उपचार झाले हे तीन आकडे आरोग्य विभागाला विचारून छापा.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, जि. यवतमाळ