चेनसॉ भंगारात घालण्याआधी नंबर वाचा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते, या दोन वादळांनंतर रायगड-रत्नागिरीत बागायतदारांनी, ग्रामपंचायतींनी आणि झाडे तोडणाऱ्या कंत्राटदारांनी हाताला लागतील ते चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवती, घेतले. त्यांतले बरेच आज माळ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटामागे पडून आहेत. विचारले की एकच उत्तर मिळते : पार्ट मिळत नाहीत. हे अर्धेच खरे आहे. 'आमच्या मशीनचा पार्ट द्या' म्हटले की दुकानदार मान हलवतो. तोच पार्ट माप आणि नंबर सांगून मागितला, तर पुष्कळदा तालुक्याच्या गावीच मिळतो.

प्लास्टिकच्या कव्हरवर आणि क्रँककेसच्या (इंजिनाच्या ओतीव पेटीच्या) आतल्या बाजूला ओतीव किंवा छापील आकडे असतात. स्टिल (Stihl) कंपनीच्या पार्टचा नंबर अकरा आकडी असतो आणि पहिले चार आकडे मशीनचे घराणे सांगतात. १११९ म्हणजे ०३८, एमएस ३८० व ३८१ ही मॉडेले. ११२३ म्हणजे ०२१, ०२३, ०२५ आणि एमएस २१०, २३०, २५०. ११३० म्हणजे ०१७, ०१८ आणि एमएस १७०, १८०. ११०६ म्हणजे जुना ०७०. स्टिकर उडालेला असला तरी हे चार आकडे वाचून मॉडेल ओळखता येते. ०३८ बंद होऊन जमाना झाला, पण घराणे एकच असल्याने ३८१ चे बरेच पार्ट त्याला बसतात. फक्त पिस्टन घेताना बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजून घ्यावा.

नंबर ९ ने सुरू होत असेल तर तो पार्ट बहुधा प्रमाणित मापाचा असतो : बेअरिंग, ऑइल सील, नीडल केज, सर्क्लिप. क्रँकच्या बेअरिंगवर ६२०२ किंवा ६२०३ असा आकडा कोरलेला असतो. ६२०२ म्हणजे आत १५, बाहेर ३५, जाडी ११ मिमी. ६२०३ म्हणजे १७, ४० आणि १२. हे बेअरिंग कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते. मात्र ते सी-३ क्लिअरन्सचे (आत थोडी जास्त ढील असलेले) आणि उघडे मागावे. साधे घेतले तर इंजिन तापल्यावर आवळते. सीलबंद घेतले तर पेट्रोलबरोबर येणारे ऑइल आतल्या गोळ्यांपर्यंत पोचत नाही. ऑइल सीलवरही तीन मापे छापलेली असतात. पेट्रोल सोसणारे व्हिटॉनचे सील मिळाले तर उत्तम.

चेन विकत घेताना सर्वाधिक फसगत होते, कारण लोक '१८ इंची' किंवा '२० इंची' एवढेच सांगतात. तो बारचा, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीचा, आकार झाला. चेनला तीन मापे लागतात. पहिले पिच : लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले एकूण अंतर मोजून त्याचे निम्मे करावे. तीन रिव्हेटांत साधारण १६.५ मिमी आले तर पॉइंट ३२५ (ही नावे इंचांतली), १८.६ आले तर थ्री-एट, २०.५ आले तर पॉइंट ४०४. दुसरे गेज : बारच्या खाचेत बसणाऱ्या ड्राइव्ह लिंकची जाडी, म्हणजे १.३, १.५ किंवा १.६ मिमी. तिसरे, त्या ड्राइव्ह लिंकची मोजून संख्या. बाजारातल्या ५२ व ५८ सीसी चिनी मशीनच्या २० इंची बारला बहुधा पॉइंट ३२५, १.५ मिमी, ७६ लिंक अशी चेन असते. त्या बारवर १.३ ची चेन चढते, पण कापताना कलंडते आणि ओंडका तिरका कापला जातो. मग दोष कापणाऱ्याच्या हाताला दिला जातो. पॉइंट ३२५ ला ४.८ मिमीची गोल कानस लागते, बारीक (लो प्रोफाइल) थ्री-एटला ४ मिमीची, पॉइंट ४०४ ला ५.५ ची. दोन चेन झिजल्या की चेन फिरवणारा मागचा गियरही बदलावा. झिजलेल्या गियरवर नवी चेन घातली तर तीही लवकर वाया जाते.

आता मशीन 'उठत नाही' याकडे वळू. प्लग, कॉईल यांत फार वेळ घालवू नये. स्पार्क नसेल तर आधी स्विचची वायर कॉईलपासून सोडवून पाहावी. कॉईल ठीक आणि वायर बॉडीला लागलेली, असे पुष्कळदा निघते. कॉईल आणि मॅग्नेट यांत ०.२ ते ०.३ मिमी अंतर हवे, व्हिजिटिंग कार्ड मधे धरून स्क्रू आवळले की काम झाले.

खरा घोळ कार्बोरेटरमध्ये असतो, आणि इंधनामुळे तो वाढला आहे. २०२५ पासून पंपांवर प्रामुख्याने २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या चेनसॉच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल नको असे लिहिलेले आढळते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत त्याला पाण्याची काय कमी! पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल पाण्यासकट तळाशी बसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल मात्र वरच्या थरात राहते. टाकीतला फिल्टर तळाशीच लोळत असतो, त्यामुळे इंजिनाला बिनऑइलचे पाणचट इंधन जाते. दुसरीकडे जुन्या रबराची नळी ग्रोमेटपाशी (टाकीच्या भोकातल्या रबरी कड्यापाशी) मऊ पडून चिरते आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, पापडासारखा कडक होतो.

कार्बोरेटर दुरुस्तीचे किट मागताना मशीनचे नाव सांगू नये, कार्बोरेटरच्या अंगावरचा नंबर सांगावा. वॉलब्रो, झामा, टिलॉटसन यांपैकी एखादे नाव आणि पुढची अक्षरे तिथे कोरलेली असतात. एकच कार्बोरेटर अनेक कंपन्यांच्या मशीनवर येत असल्याने किटही तेच लागते. किटमध्ये दोन डायफ्राम, गॅस्केट, निडल, लिव्हर आणि बारीक जाळी असते. उघडताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढावा. मीटरिंगच्या (इंधन मोजून सोडणाऱ्या) बाजूला आधी गॅस्केट आणि मग डायफ्राम बसतो. पंपाच्या बाजूला सहसा क्रम उलटा असतो : आधी डायफ्राम, मग गॅस्केट. हा क्रम बदलला की नवे किट घालूनही मशीन उठत नाही आणि 'डुप्लिकेट माल' म्हणून दुकानदाराशी भांडण होते. जेटच्या भोकात तार घालू नये, हवा मारावी.

मशीन सुरू होऊन काही मिनिटांनी बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण सैल करून पुन्हा चालवून पाहावे. चालले तर टाकीचा श्वास, म्हणजे व्हेंट, चोंदलेला आहे.

सर्वात महागडी चूक ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडरच्या, बाबतीत होते. पिस्टन सीझ झाला (आत अडकून बसला) की मोटरसायकलच्या सवयीने मेकॅनिक ब्लॉक रिबोअरला, म्हणजे आतून कातून मोठा करायला, पाठवतो. मोटरसायकलच्या ओतीव लोखंडाच्या स्लीव्हला ते चालते. चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असून आत निकासिल किंवा क्रोमचा पातळ थर असतो. रिबोअर केला की तो थर जातो आणि ब्लॉक कायमचा संपतो. पुष्कळदा सिलिंडरला ओरखडे पडलेलेच नसतात, वितळलेल्या पिस्टनचे ॲल्युमिनियम त्याच्या भिंतीला चिकटलेले असते. कापसाच्या काडीने पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड फक्त त्या डागावर लावावे. फेस येतो तोवर ॲल्युमिनियम विरघळत असते. फेस थांबला की पुसून पुन्हा लावावे. पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडांना ॲसिड लागू देऊ नये, तिथे उघडे ॲल्युमिनियम असते. काम उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करावे. शेवटी साबण व खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून लगेच ऑइल लावावे. नख फिरवून कुठे अडकले नाही तर ब्लॉक वाचला, नुसता पिस्टन-रिंग घालून मशीन उभे राहते. नख अडकले किंवा थर सोललेला दिसला तर नवा ब्लॉकच घ्यावा.

पिस्टन कोणत्या बाजूने खरवडला आहे, हे टाकून देण्याआधी नीट बघावे. सायलेन्सरच्या बाजूने खरवडला असेल तर ऑइल कमी पडले किंवा इंजिनने कुठून तरी फालतू हवा घेतली. कार्बोरेटरच्या बाजूने खरवडला असेल तर एअर फिल्टरमधून धूळ-भुसा आत गेला. कारण न शोधता नवा पिस्टन घातला तर तोही त्याच वाटेने जातो. हवेची गळती बहुधा क्रँकच्या सीलमधून किंवा कार्बोरेटर आणि ब्लॉक यांमधल्या रबरी बूटातून होते. बार-चेन काढून इंजिन आयडलला ठेवावे आणि मशीन एकेका कुशीवर करावे. कुशी बदलताच रेस आपोआप चढत असेल तर सीलचा संशय घ्यावा.

पिस्टन बसवताना बाण सायलेन्सरकडे हवा. चिनी मशीनला आणखी एक खोच आहे. ५२ सीसीचा बोअर ४५ मिमी आणि ५८ चा ४५.२ मिमी. दोन पिस्टन शेजारी ठेवले तरी नजरेला फरक कळत नाही. ५८ च्या ब्लॉकमध्ये ४५ चा पिस्टन सहज जातो, मशीन सुरूही होते, पण खडखडते आणि ताकद देत नाही. व्हर्नियर असलेल्या टर्नरकडून ब्लॉक मोजून घ्यावा, स्टिकरवरच्या सीसीवर जाऊ नये.

ऑइलबद्दलही थोडे. चांगल्या कंपनीचे टू-टी आणि पुस्तिकेत ५०:१ लिहिलेले असेल तर लिटरला २० मिली घालावे. जुन्या किंवा स्वस्त मशीनला २५:१, म्हणजे ४० मिली. मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. चेनला ऑइल पुरवणाऱ्या टाकीत गॅरेजमधले जळके ऑइल ओतण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. त्यातल्या लोखंडाच्या कणांनी ऑइल पंप झिजतो, बार कोरडा पडतो, आणि पंप हा जुन्या मशीनचा खरोखरच न मिळणारा पार्ट आहे.

आता मागणी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यात शेती अवजारे हा एक गट आहे. बागायतीतल्या चेनसॉचा समावेश त्यात व्हावा आणि विक्रेत्यांनी पार्टचे नंबरवार चित्र तिथे ठेवावे. जुन्या आंब्याच्या पुनरुज्जीवनाची छाटणी शिकवणाऱ्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याच वर्गात एक दिवस कार्बोरेटर आणि कानशीला द्यावा. ग्रामपंचायतींनी कोटेशन मागवताना मशीनबरोबर दोन चेन, एक गियर, कार्बोरेटर किट, दोन पेट्रोल फिल्टर, पेट्रोलची नळी, प्लग, स्टार्टरची दोरी आणि योग्य मापाच्या दोन कानशी यांचीही किंमत मागावी. मशीन ताब्यात घेतानाच पिच, गेज, लिंकची संख्या आणि कार्बोरेटरचा नंबर साठा नोंदवहीत लिहावा, कारण स्टिकर पहिल्या पावसाळ्यातच निघून जाते.

आपला,
एक चेनसॉ दुरुस्तीकार, ता. दापोली, जि. रत्नागिरी