काका, तुम्ही वहीतला ‘फुकट’ खोडलात

काका, नमस्कार.

समोर आलात की मला बोलायला सुचत नाही म्हणून इथे लिहितेय, चार लोकांनी वाचलं तरी चालेल, वाचावंच.

तुम्ही पोरांना पैशांचा हिशोब शिकवायला आलात, त्याच्या आधीही आमच्या मुलांच्या शाळेत आर्थिक साक्षरतेचं शिबीर झालं होतं. बॅनर, प्रोजेक्टर, पाऊण तास म्युच्युअल फंड आणि शेअर बाजार, मग एकेक पेन वाटलं, फोटो काढले आणि गाडी गेली. पाचवी-सहावीच्या पोरांना त्यातलं काय कळणार हो? आणि त्याच्याही आधी गावात तो दामदुप्पटवाला येऊन गेलेला. तीन वर्षांत डबल म्हणाला, आमच्या आईंनी (माझ्या सासूबाईंनी) काजू-आमसुलं विकून साठवलेले अकरा हजार दिले, तो गेला तो गेलाच. आई त्या विषयावर कधी बोलल्याच नाहीत, पण त्या वर्षी दिवाळीला त्यांनी नवं लुगडं घेऊ दिलं नाही ते माझ्या मनातून जात नाही.

तुम्ही आलात ते एसटीने, दर शनिवारी, कापडी पिशवीत चिंचोके आणि कागदाच्या नोटा घेऊन. पोरांना हर्णै बंदरावर लिलाव दाखवायला नेलंत, होड्या वाढल्या की माशांची तीच पाटी कशी स्वस्त होते ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं. मग १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते म्हणून दहा महिन्यांच्या कमाईची बारा पाकिटं करायला लावलीत. दालद्यांच्या, कोळ्यांच्या, म्हणजे मासेमारीवर जगणाऱ्या घरातली पोरं त्यात सगळ्यांत पुढे होती, कारण पावसाळ्यात घरी काय होतं ते त्यांना कुणी शिकवायला नको.

पण मला सांगायचंय ते बाजाराच्या दिवसाचं. माझ्या लेकीने आमसुलांची बारा पाकिटं ३० रुपयांनी विकली, ३६० आले. मीठ आणि पिशव्या ४४, नफा ३१६, नुसती नाचत होती. तुम्ही वही मागितलीत. त्यात तिने लिहिलेलं, ‘आजीचं काम – फुकट’. तुम्ही काही बोलला नाहीत. खिशातून रबर काढलंत, तो एक शब्द सावकाश खोडलात, वरची धूळ फुंकरीने उडवलीत आणि तुमची पेन्सिल तिच्या हातात देऊन विचारलंत, ‘आजी किती दिवस उन्हात बसली?’

काका, मी मागे उभी होते. रातांबे (कोकमाची फळं) फोडायचे, सालं रसात घोळवायची, वाळवायची, परत रस, परत ऊन, आभाळ आलं की सगळं उचलून पळायचं, हे मी लग्न झाल्यापासून चौदा वर्षं बघतेय, पण त्याला आकडा असतो हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. लेकीने बोटं मोजून २०० लिहिले. नफा ११६ उरला, तोंड एवढंसं झालं तिचं. तरी घरी येऊन तिने २०० रुपये आजीच्या हातात ठेवले. आई आधी ‘मला कशाला गो’ म्हणाल्या, मग पदराच्या टोकाला गाठ मारली आणि ती गाठ रात्री झोपेपर्यंत सोडली नाही.

त्याच आठवड्यात तुमचा ७२चा हिशोब घरी आला. ७२ला वर्षांनी भागायचं, की पैसे तेवढ्या वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला साधारण किती टक्के व्याज लागेल ते कळतं. लेक आजीला म्हणाली, ‘तीन वर्षांत डबल म्हणजे वर्षाला २४ टक्के, एवढं कोण देतं गो आजी?’ आई कितीतरी वेळ गप्प होत्या. मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्या अकरा हजारांबद्दल स्वतःहून बोलल्या, सगळं, अगदी त्याने चहात दोन चमचे साखर मागितली होती तिथपर्यंत. नात मांडीवर डोकं ठेवून ऐकत होती.

पैसे परत येणार नाहीत ते आम्हाला माहितीय. पण आईंना वाटायचं की आपण अडाणी म्हणून फसलो, ते ओझं तुमच्या चिंचोक्यांनी उतरवलं. मानधन नाही, फोटो नाही, येण्याजाण्याचं तिकीटही स्वतःच्या खिशातून. अशी माणसं अजून आहेत, म्हणून आमच्यासारख्यांची पोरं निर्धास्त शाळेत जातात.

आता एक भांडण तुम्हालाच मिटवायचंय. मे महिन्यात नवी आमसुलं झाली की आईंना तुम्हाला किलोभर द्यायचीत, पैसे अजिबात घेणार नाही म्हणतात. आणि लेक म्हणते, फुकट हा शब्द काकांना चालत नाही. तेव्हा जेवायलाच या, काकूंना घेऊन या.