क्लिअर फोटो कुठून आणणार?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, की हे तिबेटी कॅम्पवाले दरवर्षी १० मार्चला, त्यांच्या उठाव दिनाला, रस्त्यावर येतात, घोषणा देतात, अर्धा-अर्धा तास गाड्या खोळंबतात, इतकी वर्षं झाली यांना मिळालं काय, आणि पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं. वाचून पहिले राग आला आणि मग जरा लाजच वाटली, कारण दोन-तीन वर्षं आधी मी पण चहाच्या टपरीवर हेच बोलत होतो, अगदी याच शब्दांत. मला लिहायची सवय नाही, माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे, दिवसभर दुसऱ्याचीच वाक्यं टाईप करतो (त्यातली अर्धी ‘भावी आमदार’ची असतात), तर कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या.

बाहेरच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल, आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला, इटियाडोह धरणाच्या भागात, नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. १९७२ ची. तेव्हा गोंदिया जिल्हाही नव्हता, आपण सगळे भंडाऱ्यात होतो. म्हणजे जिल्हा नंतर आला, १९९९ ला, हे लोक त्याच्या सत्तावीस वर्षं आधीपासून इथे धान लावून राहिलेत. थंडी आली की स्वेटरचे गठ्ठे घेऊन शहरांत जातात, तुम्ही नागपूर-पुण्यात त्यांच्याकडून घासाघीस करून स्वेटर घेतलाच असेल आणि त्यांना ‘नेपाळी’ पण म्हटलं असेल. आज जी पोरं घोषणा देतात त्यांच्यातल्या बहुतेकांनी तिबेट डोळ्यांनी बघितलेलंसुद्धा नाही. पन्नास वर्षं धान लावणारा पाहुणा मी तरी पहिल्यांदा ऐकला.

आता माझी गोष्ट. यंदा १० मार्चच्या चार-पाच दिवस आधी कॅम्पातला एक पोरगा दुकानात आला, सोबत एक म्हातारी मावशी, हातात जपमाळ. तेव्हा माझ्याकडे होळीच्या शुभेच्छा आणि तिथीच्या शिवजयंतीचे बॅनर यांचा ढीग पडला होता. मी म्हटलं भाऊ, पेन ड्राइव्ह ठेवून जा, संध्याकाळी बघतो. तर मावशी बसूनच राहिली. माझ्या ऑपरेटरनं त्यांचा झेंडा स्क्रीनवर घेतला आणि त्याला चारही बाजूंनी पिवळी बॉर्डर मारली, म्हणे एका बाजूनं सुटल्यासारखं दिसून राहिलं. पोरगा म्हणाला नाही दादा, तीनच बाजू, चौथी मोकळी ठेवायची असते, दुसऱ्यांच्या विचारांना यायला जागा म्हणून. आणि मग मावशीनं स्क्रीनला बोट लावून किरणं मोजली, सहा लाल, सहा निळी. बरोबर भरली तेव्हा मान हलवली. आमच्याकडे साहेबांच्या फोटोत मिशी कमी झाली तर लोक भांडतात, पण झेंड्यातली किरणं मोजणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतर एका लहान पोराचा फोटो आला, पाच-सहा वर्षांचा असेल, गाल लाल. तो फ्लेक्सच्या मधोमध मोठा पाहिजे होता. मी मोठा केला तर पिक्सेल सुटले. आमच्या भाषेत फोटो फाटला. मी नेहमीच्या सवयीनं बोललो, अरे हा फाटून राहिला ना, दुसरा क्लिअर फोटो दे, नवीनवाला दे. पोरगा म्हणाला, नवीन नाहीये. मी म्हटलं घरी विचार, मोबाइलमध्ये असेल कोणाच्या. तो म्हणाला दादा, १९९५ नंतरचा याचा फोटोच नाहीये कोणाकडे.

तो गेदुन चोकी न्यिमा. दलाई लामांनी १४ मे १९९५ ला त्याला अकरावे पंचेन लामा (तिबेटी बौद्धांत दलाई लामांच्या खालोखाल मानाचे धर्मगुरू) म्हणून जाहीर केलं आणि तीनच दिवसांत चीननं त्याला आई-बापासकट उचललं. वय सहा. त्याच्या जागी चीननं स्वतःचा पंचेन लामा बसवला. २०२० मध्ये त्यांच्या परराष्ट्र खात्यानं सांगितलं की तो कॉलेज शिकलाय, नोकरी करतो आणि त्याला डिस्टर्ब केलेलं आवडत नाही. असेल बाबा. मग एक फोटो दाखवा ना? त्याचा जन्म २५ एप्रिल १९८९ चा. माझा लहान भाऊ त्याच्याच वयाचा आहे, त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मी दरवर्षी फुकट छापतो आणि दरवर्षी तो फोटो बदलून मागतो.

फोटो फाटलेलाच छापला. लांबून चालून जातो.

त्या वाचकाला विचारायचं आहे की १० मार्च म्हणजे काय हे तरी बघितलं का. १९५९ ला त्या दिवशी तिबेटच्या राजधानीत, ल्हासात, अशी बातमी पसरली की दलाई लामांना चिनी लष्कराच्या छावणीत कार्यक्रमाला बोलावलंय, तेही बॉडीगार्ड न आणता, आणि हजारो लोकांनी जाऊन नोर्बुलिंगका राजवाड्याला गराडा घातला, की आम्ही त्यांना जाऊ देणार नाही. म्हणजे सुरुवातच माणसाला वाचवायला केलेल्या गर्दीनं झाली. दोन दिवसांनी, १२ मार्चला, ल्हासातल्या बायका रस्त्यावर आल्या. १७ च्या रात्री दलाई लामा साध्या सैनिकाच्या वेषात निघाले, ३१ मार्चला तवांगच्या बाजूनं भारतात पोचले, आणि मागे राहिलेल्यांवर तोफा चालल्या. ही मावशी कोणत्या साली आली मी विचारलं नाही, विचारायची हिंमत झाली नाही खरं म्हणजे.

आणि ‘मिळालं काय’ या प्रश्नाचं उत्तर त्या पोरानंच दिलं, मी मुद्दाम विचारलं होतं. म्हणाला, आम्ही मिळवायला नाही ओरडत दादा, तिथले ओरडू शकत नाहीत म्हणून ओरडतो. साधी गोष्ट आहे पण माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. तिथे हा झेंडा किंवा दलाई लामांचा फोटो घेऊन रस्त्यावर आलं की सरळ जेल. २००९ पासून तिबेटमध्ये दीडशेपेक्षा जास्त लोकांनी स्वतःला पेटवून घेतलं, त्यात भिक्षू होते, गुराखी होते, लेकुरवाळ्या बाया होत्या. त्यावर मी काही बोलू शकत नाही, ते थांबावं असंच वाटतं. पण ज्याला तहसील ऑफिसपर्यंत चालत जाऊन निवेदन देता येतं त्याला तो रस्ता बंद झाला की काय होतं ते कळत नाही, मला पण कळत नव्हतं.

अलीकडचंच घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व तिबेटातल्या देर्गे भागात ड्रिचू (म्हणजे वरची यांगत्से) नदीवर कामतोक धरण होणार म्हणून लोक उठले, कारण धरण झालं की गावं आणि वोन्तो नावाचा जुना मठ, त्यात चौदाव्या शतकातली भिंतीवरची चित्रं, सगळं पाण्याखाली. आपण धरणाच्या काठचे लोक, बुडीत क्षेत्र म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. तिथले भिक्षू अधिकाऱ्यांसमोर गुडघ्यावर बसून हात जोडत होते, तो व्हिडिओ मी बघितला. नंतर शेकडो लोकांना उचललं असं तिबेटी आणि मानवाधिकार संघटना सांगतात. आता बघा, तिथले गप्प झाले, तेव्हा हिमाचलातल्या धर्मशाळा शहरात तिबेटी लोक रस्त्यावर आले, परदेशात चिनी वकिलातींसमोर उभे राहिले. धरणाचं नाव आपल्यापर्यंत आलं ते त्यामुळे. पोरांचं पण तसंच. जवळपास दहा लाख तिबेटी मुलं सरकारी निवासी शाळांत घरापासून आणि भाषेपासून तोडली गेलीत असं युनोच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये सांगितलं, तेही बाहेरच्या तिबेट्यांनी आधी बोंब मारली तेव्हा.

पाहुण्याचा मुद्दा राहिला. साहेब, ते आपल्यापेक्षा जास्त पाहुण्यासारखे राहतात. बहुतेकांकडे भारताचं नागरिकत्व नाही, आरसी नावाचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट असतं, ते रिन्यू करत राहावं लागतं, त्याच्या झेरॉक्स पण माझ्याच दुकानात निघतात. चीनचा कोणी मोठा नेता आला की यांची धरपकड आधी. २०१९ ला शी जिनपिंग महाबलीपुरमला आले तेव्हा चेन्नईत तिबेटी पोरांना आधीच उचलून ठेवलं होतं. २०१८ ला तर यांनी भारतातल्या आसऱ्याचं साठावं वर्ष लागलं म्हणून ‘थँक यू इंडिया’ असा कार्यक्रम दिल्लीत ठेवला होता, तो सुद्धा दिल्लीतून धर्मशाळेला हलवावा लागला, कारण तेव्हा आपल्याला चीनशी जुळवून घ्यायचं होतं. आभार मानायला पण टायमिंग बघावं लागतं बाप्पा! आपल्या मुंबईतच जानेवारी २००२ मध्ये तेन्झिन त्सुंदू नावाचा पोरगा, मुंबई विद्यापीठात शिकलेला, चिनी पंतप्रधान झू राँगजी उतरले होते त्या ओबेरॉय टॉवर्स हॉटेलच्या बाहेरच्या परांचीवरून वर चढला, चौदाव्या मजल्यापर्यंत, झेंडा आणि ‘फ्री तिबेट’चं बॅनर सोडलं आणि पोलिसांच्या ताब्यात गेला. कोणाला खरचटलं पण नाही. बॅनरवाला म्हणून मला त्याचं फार कौतुक आहे, तितक्या उंचीवर वाऱ्यात कापड सरळ धरणं सोपं नसतं.

हो, एक गोष्ट मात्र मला खटकली. यांच्या फ्लेक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय असतं, तर ‘तिब्बत की आज़ादी, भारत की सुरक्षा’. मी टाईप करता करता पोराला विचारलं की तुमची सुरक्षा कुठे आहे यात. तो हसला. म्हणजे त्यांना कळून चुकलंय की आपल्याला आपला फायदा सांगितल्याशिवाय आपण थांबत नाही. ब्रह्मपुत्रेवर, त्यांच्या यार्लुंग त्सांगपोवर, जगातलं सगळ्यात मोठं जलविद्युत धरण बांधायला चीननं डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली तेव्हा टीव्हीवाले दोन दिवस तिबेट तिबेट करत होते, नदी आपल्याकडे येते म्हणून. माणसं आली तेव्हा?

रॅलीच्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून मोजलं. दोन-दोनच्या लायनीत चालले होते, पुढे झेंडा, मागे म्हाताऱ्या बाया, शेवटी शाळेची पोरं गालावर रंग लावून. चार पोलीस होते, त्यातला एक जांभया देत होता. बस आली तेव्हा लायन आपोआप कडेला झाली. रस्ता बंद होता तो सात मिनिटं, अर्धा तास नाही, घड्याळ लावून सांगतो. त्याच चौकात लग्नाच्या वरातीला आम्ही सगळे दीड तास डीजेसमोर नाचतो आणि मागे अॅम्ब्युलन्स हॉर्न वाजवत राहते, त्यावर त्या गृहस्थांचं पत्र मी अजून वाचलेलं नाही.

एक विनंती आहे. तुमच्या पेपरात या रॅलीची बातमी चार ओळींची आली, हेडिंग ‘वाहतूक विस्कळीत’ असं होतं. पुढच्या वर्षी एक माणूस पाठवा, तालुक्याचं अंतर आहे, फार लांब नाही, आणि त्या पोराशी बोला, मराठी छान बोलतो, माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुका त्यानंच काढल्या.

फ्लेक्सच्या फाइली मी महिन्यानं डिलीट करतो, कॉम्प्युटरला जागा राहत नाही. ही ठेवली आहे. पोरगा सांगून गेलाय, पुढच्या वेळी फक्त उठावाच्या वर्षांचा आकडा ६६ च्या जागी ६७ करायचा, बाकी सगळं तेच, फोटो पण तोच.

आपला,
एक फ्लेक्सवाला, अर्जुनी मोरगाव