फिजिओथेरपीत गेम का नको?

संपादक साहेब,
लकवा झालेल्या माणसाला तोच हात रोज वर कर, खाली कर म्हटलं की तो चार दिवसांत कंटाळतो, आमच्या काकांचं तेच झालं. मग भाच्याने जुना निन्टेन्डो वी, म्हणजे हातातला रिमोट हलवून खेळायचं व्हिडिओ गेमचं मशीन, टीव्हीला जोडला, रिमोटची दोरी मनगटात अडकवून बोलिंग सुरू, हरले की काका स्वतःच म्हणायचे, अजून एक डाव लाव रे! २००६ साली आलेलं हे मशीन परदेशात फिजिओवाले कधीपासून वापरतायत. २०१८ ला मायक्रोसॉफ्टने तर दोन मोठ्या बटणांचा कंट्रोलर काढला, बोटं चालत नसतील तर कोपराने दाबा, पायाने दाबा. अर्थात फिजिओला विचारूनच, नाहीतर खांदा धरून बसाल. सरकारी दवाखान्यांत असा एखादा सेट ठेवायला काय हरकत आहे? टीव्ही तिथे नुसता बातम्या ओकत असतोच.
– एक वाचक, सांगली